आठ फोटो आणि एक खिळा

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जी भिंत आहे, तिच्यावर आज काय रंगवलेलं आहे, हे बसल्या जागेवरून तुम्हाला सांगता येईल का? रोज तिच्यासमोरून दूध आणायला जाता, तिच्या कोपऱ्यावर गाडी वळवता, तिच्याकडे तोंड करून उभं राहणाऱ्याला हटकता... तरीही बहुतेकांना सांगता येणार नाही. मलाही आलं नसतं. बशीरचाचांना मात्र कोल्हापुरातल्या कुठल्याही भिंतीबद्दल विचारलं असतं, तर त्यांनी उलट विचारलं असतं, "वरचं सांगू, का त्याच्या आतलं?"

चाचा गेले त्याला महिना होऊन गेला. बातमी मला मालनआक्काने दिली. मालनआक्का पूर्वी सूतगिरणीत कामाला होती. गिरणी बंद पडल्यापासून ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कँटीनमध्ये भाकरी करते. ती कधी फोन करत नाही. मिस्ड कॉल देते आणि आपल्या फोनची वाट बघते. त्या सकाळी मात्र फोन वाजतच राहिला. उचलला तर पलीकडून भांड्यांचा खणखणाट आला, आणि मग तिचा आवाज, "पोरी, चाचा गेला की गं." मी काहीतरी विचारलं असेल, कधी, कसं... "माझा फोटो ऱ्हायला बघ," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

हा राहिलेला फोटो कुठला, आणि तो का राहिला, हे सांगायलाच मी बसले आहे. चाचांवर मोठमोठे शब्द लिहिण्याची मला इच्छा नाही, आणि खरं सांगायचं तर आता ताकदही नाही. या शहरात गेली काही वर्षं भिंती आणि माणसं दोन्ही इतक्या सहज पुसली जाताना बघितली आहेत की निषेधाचा 'नि' लिहितानाच हात जड होतो.

बशीरचाचांचा स्टुडिओ आमच्या पेठेत, तालमीला लागून. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी, दहावीच्या पोरांचे हॉल तिकिटाचे फोटो, असं सगळं तिथे व्हायचं. मागे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर जिना, कारंजं आणि मान वाकडी केलेला हंस. पेठेतल्या निम्म्या लोकांच्या पहिल्या फोटोत तो हंस आहे. पण चाचांचा जीव त्या पडद्यात नव्हता. गिऱ्हाईक नसलं की ते स्कूटरला किक मारायचे आणि शहरातल्या भिंतींचे फोटो काढत हिंडायचे. तालमीच्या भिंतीवरचा गदा खांद्यावर घेतलेला पैलवान, पेठेच्या फुटबॉल संघाचे रंग, टपरीच्या पत्र्यावर कुणा पेंटरने काढलेला वाघ, शाळेच्या कुंपणावरचा जगाचा नकाशा, चौकाचौकांत बसवलेली शिल्पं... रस्त्यावर जे जे रंगवलेलं किंवा उभं केलेलं असेल ते ते.

त्यांचा एक नियम होता. नव्या चित्राचा फोटो ते कधीच काढायचे नाहीत. उद्घाटनाला, फीत कापायला बोलावलं तर जायचे, चहा प्यायचे, कॅमेरा पिशवीतून बाहेरही काढायचे नाहीत. चित्र वापरात आलं पाहिजे, म्हणायचे. म्हणजे त्याच्यापुढे कुणीतरी गाडी लावली पाहिजे, कुणी पाठ टेकली पाहिजे, पोरांनी चेंडू मारून एखादा टवका उडवला पाहिजे. "नवरीचा मांडवातला फोटो ऑर्डरीचा असतोय," ते मला समजवायचे. "खरा फोटो चार म्हैन्यांनी, गॅसम्होरं. तवा कळतंय घरात काय चाललंय." आतल्या खोलीतून चाचींचा आवाज यायचा, "माझा कुठं काढलासा गॅसम्होरं?" चाचा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "तू हलतीस सारखी."

चौकातल्या लोखंडी रेड्याचा फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. कलेच्या काही विद्यार्थ्यांनी फौंड्रीतलं भंगार जोडून तो उभा केला होता. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर आले, पाहुण्यांनी रेड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काम संपलं. चाचा रोज तिथून जायचे, वेग कमी करायचे आणि पुढे जायचे. आधी एका भाजीवालीने त्याच्या शिंगाला पिशवी अडकवली. मग पोरं पाठीवरून घसरायला लागली आणि गंजलेली पाठ घासून चकचकीत झाली. दिवाळी पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघते, तेव्हा खऱ्या म्हशींबरोबर कुणीतरी या लोखंडी रेड्याचीही शिंगं रंगवली, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि त्याच्या पायाशी वैरणीची पेंढी टाकली. चाचांनी त्या दिवशी फोटो काढला. फोटोत एक खरी म्हैस ती वैरण खाते आहे आणि तिचा मालक, फेटा बांधलेला, हसू दाबत दुसरीकडे बघतो आहे. "पावणं, जरा असंच थांबा," एवढंच चाचा त्याला म्हणाले होते. फोटोची पहिली प्रत त्या मालकाला पोचवायला ते कितीतरी दिवस गोठे हुडकत फिरले. हाही त्यांचा नियम. पहिली प्रत फोटोत जो आहे त्याला, कागदावर, हातात.

आमच्या घरी याच्या नेमकं उलट होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, छोटा छापखाना चालवायचे. त्यात लग्नपत्रिका कमी आणि पत्रकंच जास्त छापली जायची. हमालांच्या मागण्या, पाणीपट्टीची वाढ, कुणाला कामावरून काढल्याचा निषेध. आमच्याकडे कपाटाच्या फळीवर पत्रक, फुटक्या काचेला पत्रक आणि परातीवर झाकायलाही पत्रकच. अक्षरं मी त्यावरच शिकले, त्यामुळे मला 'आई'च्या आधी 'आवाहन' वाचता येत होतं, असं आबा कौतुकाने सांगतात. त्यांचा नियम असा, की पत्रक आजचं आज वाटायचं. उद्या ती रद्दी.

हे दोन नियम एकदा माझ्यासमोर भिडले होते. आबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मार्केटजवळच्या भिंतीवर गेरूने घोषणा रंगवली होती, 'एकजुटीने उभे राहा'. चाचांनी तिचा फोटो कितीतरी महिन्यांनी काढला. तोवर अर्ध्या भिंतीवर खाद्यतेलाची जाहिरात आली होती. 'एकजुटीने' तेलाच्या डब्याखाली गेलं होतं. 'उभे राहा' तेवढं उरलं होतं आणि त्याच्या खाली एक हमाल हातगाडीला टेकून गाढ झोपला होता. फोटो बघून आबा भडकले. "बशीर, ही चळवळीची चेष्टा झाली."

चाचा शांतपणे म्हणाले, "आबा, त्यो माणूस तुमचाच हाय. सकाळपास्नं वज्जं वढून दमलाय. त्याला उभं ऱ्हा म्हणून सांगायच्या आधी बसाय जागा तर मागा."

पुढच्या पत्रकावर आबांनी तोच फोटो छापला आणि हमालांसाठी सावलीच्या शेडची मागणी केली. शेड झाली नाही. पण तो फोटो आमच्या घरात अजून आहे, आणि तो रद्दीत गेलेला नाही.

मी कॉलेजात गेल्यावर चाचांच्या स्कूटरवर मागे बसून फिरायला लागले. ते मला 'पत्रकवाली' म्हणायचे. कुठल्याही भिंतीपुढे थांबलो की मला तिथे काय लिहिता येईल ते सुचायचं आणि त्यांना तिथे कोण येऊन टेकेल ते. आमचं पटायचं असं नाही. पण भांडून झाल्यावर ते उसाचा रस पाजायचे, आणि रस पिताना भांडता येत नाही.

मग गिरणीची भिंत आली. कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंद पडलेल्या सूतगिरणीचं लांबलचक कुंपण आहे. गिरणी एका सकाळी कुलूप लावून बंद झाली आणि आत काम करणाऱ्या बायकांना गेटवर चिकटवलेल्या कागदावरून ते कळलं. पुढे काही कबनूरला यंत्रमागावर गेल्या, काही घरकामाला लागल्या, मालनआक्का कँटीनमध्ये गेली. गिरणीच्या जागेचं काय होणार याच्या चर्चा शहरात रंगल्या. त्या बायकांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. माझी चित्रकार मैत्रीण रेश्मा, मी आणि आणखी दोघं, अशा चौघांनी ठरवलं की त्या कुंपणावर त्यांचे चेहरे रंगवायचे. नऊजणी तयार झाल्या. समोरच्या टपरीतलं स्टूल रस्त्याकडेला ठेवून एकेकीला बसवायचं आणि रेश्माने भिंतीवर तिला काढायचं. मालनआक्काने केसांना फडकं बांधून घेतलं. कापसाचं तूस केसांत जाऊ नये म्हणून गिरणीत बांधायची तसं. लुगडं हिरवंच रंगवा, अशी तिची अट होती. चेहरा पूर्ण झाल्यावर ती उठली, जवळ गेली आणि भिंतीवरच्या स्वतःच्या गालाला तिने बोट लावलं. बोटाला रंग लागला. तो तिने पुसला नाही.

तुम्ही विचाराल, हातात फोन असताना फोटोची काय अडचण? आम्ही फोटो काढले की! पण ते आता उघडून बघते तेव्हा प्रत्येकात आम्ही आहोत. हातात ब्रश, गालावर रंग, मूठ आवळलेली. त्या बायका आमच्या मागे. मालनआक्का तर एका मित्राच्या डोक्यामागे गेली आहे, तिच्या फडक्याची गाठ तेवढी दिसते. भिंत लांब, रस्ता अरुंद, सगळी भिंत नीट घ्यायची तर चाचाच हवेत, असं आम्ही धरून चाललो होतो.

चाचा आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. प्रत्येकीपुढे थांबले. कॅमेरा पिशवीतच.

"काढा ना चाचा."

"ओली हाय."

"वाळली आहे. हात लावून बघा."

"रंग वाळलाय गं. रस्त्याला अजून सवय झाली न्हाय. ह्या बायकांम्होरं एखादी रिक्षा थांबू दे, कुणी सावलीला बसू दे... मग बघ."

मी चिडले. म्हणाले, "तुमचा कॅमेरा साक्षीदार आहे चाचा. साक्षीदार असा पुढच्या तारखेला येतो म्हणत नाही."

"कोर्टात तर हमखास पुढचीच तारीख मिळती, पत्रकवाले," म्हणून ते हसले आणि स्कूटरवर बसले.

त्याच आठवड्यात भिंत पांढरी झाली. त्या रस्त्याने कुणी मोठा पाहुणा जाणार होता, म्हणून शहर स्वच्छ दिसावं, असं कारण कानावर आलं. हुकूम कुणाचा, हे मला आजवर कळलेलं नाही. एका कचेरीच्या दाराने दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. चुना मारणारे रोजंदारीवरचे होते. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "ताई, बायमाणसांची तोंडं पुसायला बरं वाटलं न्हाय. पर बादली हातात दिली." त्याच्यावर मी काय रागावणार होते? राग धरायला समोर कुणीतरी असावं लागतं. इथे नुसता चुना होता.

सगळ्यांत वाईट दिवस मालनआक्काचा गेला. निपाणीची बहीण तिच्याकडे आली होती. आपलं चित्र दाखवायला ती तिला रिक्षाने घेऊन आली. भिंत पांढरी झाल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती उतरली, बघत राहिली, पुढे गेली, मागे आली. बहीण म्हणाली, "आक्का, कुठं हाईस गं तू?" आणि हसली. टपरीवर दोघंतिघं बसले होते, तेही हसले. वाईट हेतूने कुणी हसलं नसावं. पण मालनआक्का मला नंतर म्हणाली, "गिरणी बंद झाली तवा रडू आलं. ह्यावेळंला लाज वाटली. म्या काय केलंतं म्हणून मला लाज वाटावी?"

चाचा दुसऱ्या दिवशी आले आणि टपरीच्या बाकड्यावर पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले. मला बघून म्हणाले, "चूक माझी हाय." सबब सांगितली नाही. नियम कसा बरोबर होता हेही सांगितलं नाही. मी तेव्हा त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातलं बरंचसं मला आजही खरं वाटतं. रस्त्याला सवय होईपर्यंत थांबायचं, हे ज्यांच्या भिंती टिकतात त्यांना परवडतं. पाठ टेकायला कुणी येण्याआधी बादली येते, हे त्यांना इतक्या वर्षांच्या भटकंतीनंतर कसं कळलं नाही, हा प्रश्न मला अजून पडतो.

पण ते तिथेच थांबले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी एकेका बाईच्या घरी जायला सुरुवात केली. तिला स्कूटरवर बसवून भिंतीशी आणायचं, तिचा चेहरा जिथे होता नेमकं तिथे उभं करायचं आणि फोटो घ्यायचा. मागे नुसती पांढरी भिंत. पुढे बाई. कबनूरहून एकीला आणायला ते एसटीने गेले आणि तिच्याबरोबर एसटीनेच परत आले. मला ते फोटो आवडले नाहीत. मी म्हणाले, ही शरणागती आहे. त्यांनी पुसलं आणि आपण पुसलेल्या जागेपुढे पोज देऊन उभ्या. यात घोषणा कुठे आहे?

"पहिली प्रत ज्याची त्याला जाऊ दे," चाचा म्हणाले, "मग बोल."

प्रती गेल्या. एकीने देवांच्या शेजारी लावला. नऊजणींतल्या हमीदाआपाने टीव्हीच्या वर. मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरी येणारा प्रत्येक पाहुणा तोच प्रश्न विचारतो, "हितं पांढऱ्या भिंतीला टेकून कशापाय उभी ऱ्हायलीस?" आणि मग तिला सगळं सांगावं लागतं. गिरणी, कुलूप, गेटवरचा कागद, चित्र, चुना. हमीदाआपाची सून म्हणते, "आमच्याकडं चहा नंतर येतो, भिंतीची गोष्ट आधी." आमचं पत्रक एका दिवसात शिळं व्हायचं. हे फोटो अजून वाटले जात आहेत.

आठजणींचे फोटो झाले. मालनआक्का मात्र येईना. चाचा पहिल्यांदा गेले तेव्हा मी बरोबर होते. तिने पाट मांडले, चहा दिला आणि सरळ सांगितलं, "म्या न्हाय येणार."

"आक्का, तुझ्याबिगार ओळ पुरी व्हईत न्हाय."

"न्हाय तर न्हाय. पुसलेल्या जागंवर उभं राहून दात काढू व्हय मी? बहीण एकदा हसली ती बास झाली. रंगवा परत. मग चार तास उभी ऱ्हाते."

"हसू नगंस की. रागानं बघ."

"रागानं बघाय कोण हाय कॅमेऱ्यामागं? तुम्हीच न्हवं?" चहा संपवून आम्ही उठलो.

ते पुन्हा पुन्हा जात राहिले. दर वेळी पिशवीत कॅमेरा, दर वेळी चहा, दर वेळी नकार. मला वाटतं दोघांनाही त्याची सवय झाली होती. स्टुडिओत हंसाच्या पडद्यासमोरच्या भिंतीवर त्यांनी आठ फोटो फ्रेम करून एका ओळीत लावले आणि नवव्या जागी खिळा ठोकून ठेवला. भिंत परत रंगवायचं आम्ही ठरवत होतो, नाही असं नाही. पण रेश्मा नोकरीला पुण्याला गेली, दुसऱ्याचं लग्न झालं, तिसऱ्याने आमच्याशी बोलणं सोडलं. मी अर्ज केले, उत्तरं आली नाहीत, मग अर्ज करणंही सुटलं. एखादी गोष्ट हरल्यावर माणूस लगेच थकत नाही. ती हरल्याचं कुणाच्या लक्षातही आलेलं नाही, हे कळलं की थकतो.

शेवटची भेट याच भिंतीशी झाली. चाचांना दम लागायला लागला होता. स्कूटर त्यांच्या मुलीने काढून घेतली होती. त्यांनी मला रिक्षा घेऊन यायला सांगितलं. गिरणीशी उतरलो आणि त्यांनी काठीने दाखवलं. चुन्याचे पोपडे सुटायला लागले होते आणि एका जागी, तळहाताएवढा, हिरवा रंग वर आला होता. मालनआक्काच्या लुगड्याचा. "चुना सवंगातला मारलाय," चाचा म्हणाले आणि इतके खूश झाले की हसता हसता त्यांना खोकला आला. त्याच हिरव्या तुकड्याखाली एक शहाळीवाला पोतं टाकून बसला होता. भिंत वापरात आली होती.

चाचांनी तिथूनच माझ्या फोनवरून मालनआक्काला सांगितलं. तिचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू आला. "पदर दिसतोय, पर तोंड कुठं हाय? पदरासंगं फोटो काढा मग!"

"आता काय करायचं हिचं?" चाचा म्हणाले. मग थोडं थांबून, "तिचं बरोबर हाय. तवा म्या थांबलो. आता ती थांबली." रिक्षात बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी ठेवला असेल. मी तो बराच वेळ तसाच राहू दिला... घरापाशी उतरल्यावर म्हणाले, "मी न्हाय काढला तर दुसऱ्या कुणी काढू दे. फोटो तिचा हाय, माझा न्हाय."

ते गेल्यावर मी चाचींना भेटायला गेले. बाया आतल्या खोलीत मावेनात म्हणून स्टुडिओतच सतरंजी अंथरली होती. हंसाचा पडदा गुंडाळून वर बांधला होता. मी भिंतीला टेकून बसणार एवढ्यात चाची रडता रडता थांबल्या आणि म्हणाल्या, "डोकं सांभाळ गं, मालनचा खिळा हाय तिथं." नंतर जी जी बाई त्या जागी बसायला आली, तिला त्यांनी तेच सांगितलं. नवऱ्याबद्दल कुणी काही विचारलं की त्यांचा आवाज फुटायचा. खिळ्याबद्दल बोलताना तो स्थिर असायचा. मालनआक्का कँटीनमधून तशीच आली होती, हाताला पीठ. ती बरोबर त्या खिळ्याखाली बसली. चाची तिला काही म्हणाल्या नाहीत. तिने मागे हात नेला, खिळा चाचपला आणि तशीच बसून राहिली.

निघताना ती मला म्हणाली, "रेश्माला बोलीव. फडक्याबाहेरचं केस ह्यावेळंला पांढरं रंगवायला सांग, तवाचं काळं आता खोटं दिसतील. आणि फोटो लगीच काढा. चाचावाणी थांबू नगासा."

रेश्मा येते आहे. म्हणून हे वाचणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे, आणि ते पत्रकासारखंच सरळ आहे. येत्या रविवारी सकाळी कळंब्याच्या रस्त्यावरच्या त्या पांढऱ्या कुंपणाशी या. हिरवा तुकडा आणि शहाळीवाला ही खूण. मालनआक्काचा चेहरा पुरा झाला की लगेच तिचा फोटो काढा, ओल्या रंगासकट. तुम्ही स्वतः त्यात येऊ नका. तो एक फोटो मालनआक्कासाठी. मग घरी जा, आणि चार महिन्यांनी पुन्हा या. तिच्यापुढे कोण टेकलं आहे बघा, त्याला म्हणा, "पावणं, जरा असंच थांबा," आणि दुसरा फोटो काढा. तो चाचांसाठी. पहिली प्रत कागदावर, ज्याची त्याच्या हातात द्या. आणि या दोन फोटोंच्या मधल्या दिवसांत त्या रस्त्याने जाताना कुणी चुन्याची बादली घेऊन उभा दिसला, तर गाडी थांबवा, खाली उतरा, आणि हुकूम कुणाचा आहे ते विचारल्याशिवाय तिथून हलू नका.